डावीकडचं बटण

आई गेली तेव्हा मी सिरोंच्याच्या शाळेत शिकवत होतो. घरात तिचा एकही फोटो नव्हता. तो माझ्यामुळे नव्हता, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ती गेली त्याच हिवाळ्याच्या सुरुवातीला चंद्रपूरच्या एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या चाचांकडून मी जुना रशियन कॅमेरा विकत घेतला होता. हाताला जड, कातडी केसमधला. चाचांनी रोल भरायला शिकवलं आणि बजावलं, "मास्तर, वरची चावी फिरवली का हे डावीकडचं बटन पाहत जा. फिरलं तं रोल सरकला. नाई फिरलं, तं तुम्ही हवेचे फोटो काढून राह्यले समजा."

आईला खोकला होता. तिच्या छातीचा एक्स-रे आधीच काढून झाला होता. मी गावी गेलो तेव्हा ती पांढरं लुगडं नेसून सारवलेल्या भिंतीपाशी बसली. कॅमेरा डोळ्याला लावताच तिनं छाती भरून श्वास रोखला. दवाखान्यात तसंच करायला सांगितलं होतं.

"श्वास घे माय. याले रोखा लागत नाई."

"तू तुझं काम कर. हालला फोटो तं मलेच बोलशील."

प्रत्येक फोटोला तसंच. श्वास रोखणं, मग खोकला, मग डोळे पुसत हसणं. मी तिच्याकडेच पाहत होतो. बटणाकडे एकदाही पाहिलं नाही.

चंद्रपूरला स्टुडिओवाल्यानं धुतलेला रोल उजेडाला धरला. कोरा. आत तो चाकावर पकडलाच गेला नव्हता. आईला म्हटलं, फोटो यायचे आहेत अजून. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा काढायचे ठरवलं होतं. ती माघातच गेली.

जलदान विधीला बुद्धमूर्तीशेजारी तिच्या फोटोसाठी पाट मांडला होता. मावशीनं विचारलं, "काऊन रे, इतके फोटो काढले होते नं? कुठी आहेत?"

"खराब झाले," मी म्हणालो. पाटावर नुसती फुलं वाहिली.

पाहुणे पांगल्यावर मी कपाटातून तो एक्स-रे काढला आणि खिडकीशी धरला. बरगड्या, त्यांच्यामध्ये हृदयाची फिकट सावली, आणि भरून घेतलेला श्वास. ती जराही हलली नव्हती.