टँकरवरचा जुना जिल्हा

लातूर उस्मानाबादेतून फुटून नवा जिल्हा झाला, त्यानंतर मी लातूरच्या पाण्याच्या टँकरवर ठळक अक्षरांत 'जिल्हा उस्मानाबाद' लिहिलं. एकावर नाही, ठेकेदाराच्या आवारात उभे होते तेवढ्या सगळ्यांवर.

काल शेजारी फाटक रंगवत होते. टर्पेंटाइनचा वास आला आणि ते आवार डोळ्यांपुढं उभं राहिलं. मला खरं तर लग्नपत्रिकांचा छापखाना चालवायचा होता. पण दुष्काळात लग्नंच पुढं ढकलली गेली, मशीन गप्प बसलं, आणि त्याला जगवायला मी मिळेल ते रंगवत फिरू लागलो. हे काम गेलं असतं तर मशीन विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणून तर वेलांट्या इतक्या देखण्या काढल्या! पण हाताला जुन्या नावाची सवय आणि डोक्यात छापखाना.

बाहेर बायका घागरी घेऊन ताटकळल्या होत्या. ठेकेदार चाँदभाईंनी टँकर वाचला. मी अंगातला शर्ट काढून टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि वेड्यासारखा घासू लागलो. तापल्या पत्र्यावरची अक्षरं पसरली, पण जाईनात. माझं तोंड मात्र त्या निळ्या रंगानं माखलं.

आज हसू येतं. तेव्हा रडू दाबत म्हणालो, "चाँदभाई, काम काढून घेऊ नका. माझा छापखाना बुडंल हो."

"बुडू दे की! टँकर तरी पुसता येतो, पेंटर. पत्रिकेवर नवरदेवाचं नाव चुकवलंस, तर मांडवात शर्ट काढून नवरदेव घासत बसणार हाईस का?"