पुराच्या पाण्याला तुरटी

पुराचं पाणी गोठ्यात शिरलं तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, म्हशीचं दावं सोडलं आणि ते एकटेच बोटीत चढले. शिरोळहून माझ्याकडं कोल्हापुरात आले ते तोंडाला कुलूप लावूनच. ज्याची हाक चार शेतं ओलांडून जायची, तो माणूस खिडकीशी गप्प बसलेला मला बघवेना. दोन दिवस काळजी केली, मग मी चिडायला लागले.

कॉलेजातलं माझं संशोधन म्हणजे पाण्याखालून, तारेशिवाय, उजेडानं निरोप पाठवायचा. कॉलेज बंद होतं, म्हणून स्वयंपाकघरातच पडदे ओढून काचेची टाकी मांडली. एका बाजूला माइक आणि हिरवा लेसर, दुसऱ्या बाजूला सोलर प्लेट आणि स्पीकर. माइकमध्ये बोललं की आवाज उजेडावर बसून पलीकडं जायचा. विकतच्या जारच्या पाण्यातून माझं "हॅलो" खणखणीत आलं.

मग गल्लीच्या तोंडाशी आलेलं पुराचं पाणी टाकीत ओतलं. लेसर लावला आणि भिंती, भांडी, आप्पांचा सदरा, सगळं हिरवं झालं. स्वच्छ पाण्यात किरण दिसत नाही, पण पोचतो. गढूळ पाण्यात मातीचे कण त्याला चहूकडं उधळतात. तो दिसतो, पण पोचत नाही. स्पीकर मुका.

"ह्याचंबी तुमच्यासारखंच झालंय," मी वैतागून बोलून गेले.

आप्पा उठले. फळीवरची तुरटी घेऊन पाण्यात सावकाश फिरवली आणि टाकीसमोर स्टूल ओढून बसले. मीही बसले. गाळ हळूहळू खाली उतरत होता, हिरवं धुकं विरत होतं. आमचं बुडालेलं घर आतून असंच दिसत असेल, असं वाटत राहिलं. माझा डोळा लागला असावा. जाग आली ती स्पीकरच्या खरखरीनं. किरण जवळजवळ दिसेनासा झाला होता.

आप्पांच्या हातात माइक होता. रोज धारेच्या वेळी म्हशीला मारायचे तीच हाक त्यांनी मारली, "ये बाई, ये. चल की."

पाण्यापलीकडून त्यांचाच आवाज आला. ते कान देऊन ऐकत राहिले.

"पोचलं का गं?"

"व्हय आप्पा, पोचलं." मला आनंदानं रडू येत होतं.

"तिला न्हाय की," आप्पा म्हणाले.