प्रयोगाचा एकच सूट

आटपाडीकडच्या आमच्या आरोग्य केंद्रात तो निळा सूट प्रयोग म्हणून आला होता. बाळंतपणानंतर रक्त थांबेना, की बाईला घोट्यापासून पोटापर्यंत त्यात आवळायचं. उरलेलं रक्त काळजाकडं, मेंदूकडं राहतं आणि मोठ्या दवाखान्यापर्यंत जीव तग धरतो. प्रयोग चांगला. पण जिल्ह्याच्या आरोग्य साहेबांनी सूट धाडले किती? सगळ्या पंचक्रोशीला एक!

तो माझ्या बहिणीला लागला. मूल झालं, वार पडली, रक्त मात्र वाहतच राहिलं. ओठ पांढरे पडले, हाक मारली तर ओ देईना. सिस्टरबाईंनी एकेक पट्टी ताणून बसवली, तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले. मी गाडीत चढताना त्यांनी मला दरडावलं, "मिरजेत रक्त चढल्याशिवाय सोडू द्यायचा न्हाई. सोडताना बी घोट्यापासनं, एकेक पट्टी, थांबत थांबत. एकदम सोडला तर बाई हातची गेली."

आणि मिरजेत दवाखान्याच्या दारातच, स्ट्रेचर खाली टेकतंय तोवर, ड्रायव्हरनं पोटावरच्या पट्टीला हात घातला.

"ओ दादा, हात काढा!"

"आवं ताई, ह्याच गाडीनं माघारी न्यायचा हुकूम हाय. सायबाचा."

"सायबाला म्हणावं, ये इथं आणि तूच सोड."

"सरकारच्या नावानं लय पत्रकं वाटता की तुमी. तिकडं दुसरी बाई अडली तर तिला काय पत्रकात गुंडाळू?"

मी त्याचा हात पिरगाळला. त्याची माफी मी अजून मागितलेली नाही, मागणारही नाही. त्या पट्टीखाली माझी बहीण होती.

दुपार कलली तेव्हा रक्त चढलं होतं, नाडी भरली होती. डॉक्टरीणबाईंनी घोट्याची पट्टी सोडली, पाव तास थांबल्या, मग पुढची. ड्रायव्हर बाहेर पायरीवर बसून होता, न जेवता. शेवटची पट्टी सुटताच त्यानं रक्तानं भिजलेला सूट पिशवीत कोंबला आणि "सिस्टरबाई धुतील तिकडं," म्हणत पळतच गाडी गाठली.

सूट परत पोचेपर्यंत आमच्या केंद्रात कुणाचं रक्त गेलं नाही. नशीब! साहेबांची व्यवस्था तेवढ्यावरच चालते.

बहीण घरी आल्यावर मी पत्रक छापलं. पहिली ओळ ड्रायव्हरची, जशीच्या तशी: तिकडं दुसरी बाई अडली तर?

साहेबांनी ते वाचलं म्हणतात. सूट अजून एकच आहे.