कुतैबाचा पत्ता

अबू कुतैबा जॉर्डनमधल्या इर्बिद-अम्मान रस्त्यावर टॅक्सी चालवायचे, तेव्हा त्यांच्या तोंडाचा पट्टा अम्मान येईपर्यंत थांबत नसे. मागच्या सीटवरच्या अनोळखी माणसांची त्यांनी भांडणं मिटवली, सोयरिकी जुळवल्या, आणि परीक्षेला निघालेल्या एका पोराला धीर देता देता भलत्याच कॉलेजाशी उतरवून दिलं. एवढ्या बोलक्या माणसाच्या पोटी कुतैबा आला. आपण सलाम केला तर सलाम, नाहीतर तेवढंही नाही. बापानं घरातले सगळे शब्द संपवले, पोराला काय उरणार, असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या. त्यात मीही होते.

पण कुतैबा घुमा नव्हता, हे मला ठाऊक होतं. युनिव्हर्सिटीच्या रस्त्यावर तेव्हा माझं नेट कॅफे होतं. शाळा सुटली की तो कोपऱ्यातल्या मशीनवर बसे आणि कीबोर्ड असा बडवी की शेजारची गिऱ्हाइकं तक्रार करत. बोलायचा तो तिथं. पुढे कॅफे बंद पडलं, मी दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि त्यानं घरीच मशीन जुळवलं. त्यावर विंडोज नव्हती. जगभरच्या हौशी लोकांनी फुकटात रचलेली एक वेगळीच ऑपरेटिंग सिस्टीम होती, आणि ती अरबीत आणायचा उद्योग कुतैबा आणि त्याच्यासारखेच काही जण करत होते.

"जगात कुणी वापरत नाही तेच याला हवं," अबू कुतैबा म्हणायचे. "उद्या उंट आणून दारात बांधेल आणि म्हणेल, बाबा, हीच टॅक्सी."

मागच्या जैतुनाच्या तोडणीच्या दिवसांत कुतैबा वारला. दोन्ही मूत्रपिंडांनी हात टेकले होते. कबरीशी उभं राहून अबू कुतैबांनी रीतीप्रमाणे म्हटलं, "माझ्या पोरानं कुणाला दुखावलं असेल तर आज त्याला माफ करा." जमलेले चुलते आणि जुने ड्रायव्हर म्हणाले, माफ केलं. ज्यांच्याशी तो कधी बोललाच नाही, त्यांना दुखावणार तरी कसा?

हेच अबू कुतैबांना डाचत राहिलं. बाजारात हिरवे बदाम आले तेव्हा एक दिवस ते पोराचं मशीन काखोटीला मारून दुकानात आले.

"उम्म सनद, हे चालू कर."

"बोर्ड जळलाय याचा. भंगारवालाही तोंड वाकडं करील."

"तू वाकडं करू नकोस. ऐक. दवाखान्यात म्हणाला होता, 'बाबा, मोसूलच्या माणसाला मी फार टाकून बोललो, मिटवायचं राहिलं.' आता हा मोसूलवाला कोण? नाव नाही, नंबर नाही. या डब्यात आहे तो. मला त्या लोकांपुढे उभं कर. पोराच्या मानेवर ते ओझं राहिलं तर मला मरण यायचं नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी त्यांच्यावरच खेकसले आणि मशीन ठेवून घेतलं.

डिस्क शाबूत होती. तिची नक्कल करून मी माझ्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन बनवलं, म्हणजे माझ्या कॉम्प्युटरच्या पोटात कुतैबाचा कॉम्प्युटर. तो सुरू झाला, त्याचा पडदा उघडला, गप्पांची खिडकीही आपोआप उघडली. तिच्यात त्याचा पासवर्ड होता, नाव होतं 'इर्बिदी'. फक्त नेट नव्हतं.

माझ्या लॅपटॉपला नेट होतं, आतल्या मशीनला नव्हतं. आधी वाटलं, मशीनला दिलेलं खोटं नेटवर्क कार्ड त्या सिस्टीमला ओळखता येत नसेल. मशीन बंद करून जुन्या धाटणीचं कार्ड दिलं, तेव्हा कार्ड दिसलं. नेट तरीही येईना. मी त्या मशीनच्या सात पिढ्यांचा उद्धार करून सेटिंग उघडली, तर कारण समोरच होतं. नेटवरचा पत्ता राउटर देतो तो घ्यायचा सोडून कुतैबानं स्वतःच्या हातानं लिहून ठेवला होता, तोही फक्त त्यांच्या घरच्या राउटरवर चालणारा.

"इथं बसून तो घरचं दार शोधतोय," मी अबू कुतैबांना सांगितलं. "मी ते पुसते आणि..."

"पुसू नकोस!" ते असे ओरडले की रस्त्यावरची माणसं वळली. मग हळू म्हणाले, "त्याच्या हातचं आहे ना ते? मग घरीच चल."

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेले. कुतैबाच्या आईनं, उम्म कुतैबांनी, मरमियाचा पाला घातलेला चहा आणून ठेवला आणि दाराशी बसून राहिल्या. मी केबल लावली आणि आतलं मशीन थेट घरच्या राउटरशी जोडलं. नेट आलं, आणि गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. एकाच पत्त्यावर दोघं बसले की असं होतं. खात्री करायला मी कुतैबाचं मशीन बंद केलं आणि माझ्या लॅपटॉपवरून त्याच्या पत्त्याला हाक घातली.

तिकडून ओ आली.

"काय झालं?" अबू कुतैबांनी विचारलं.

"मशीन बंद आहे. तरी त्या पत्त्यावरून कुणीतरी उत्तर देतंय."

उम्म कुतैबा दुवा पुटपुटत उठून उभ्या राहिल्या. मी घाईनं राउटरची यादी उघडली. पत्ता अबू कुतैबांच्या फोनकडे होता, जावयानं ईदला दिलेल्या नव्या फोनकडे. राउटरला काय कळतं? जागा रिकामी दिसली, देऊन टाकली.

मी सांगितलं, तसे अबू कुतैबा हातातल्या फोनकडे बघतच राहिले. "म्हणजे मी पोराच्या जागेवर बसलो होतो?" त्यांनी फोन बंद केला आणि कपाटात कपड्यांखाली ठेवून दिला.

मी कुतैबाचं मशीन पुन्हा सुरू केलं. आता नेट आलं ते टिकलं. खिडकीत 'इर्बिदी' या नावापुढचा दिवा हिरवा झाला आणि भराभर ओळी यायला लागल्या. मी मोठ्यानं वाचत होते.

"अरे, इर्बिदी आला!"

"कुठं मेला होतास रे इतके महिने?"

मी वाचता वाचता थांबले. कुतैबाच्या नावानं आत शिरलो तर लोकांना कुतैबाच आला असं वाटणार, हे आम्हा तिघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. पुढचं अबू कुतैबांनी स्वतः वाचलं, चष्मा पुसून, एकेक शब्द.

"मोसूलहून बोलतोय. तुझंच बरोबर होतं, मी उगाच अडून बसलो. रागावून गेलास ना? माफ कर भावा."

अबू कुतैबांनी हनुवटी घट्ट दाबून धरली. मग म्हणाले, "लिही. माफ केलं म्हणावं. आणि मीही टाकून बोललो, तूही मला माफ कर."

मी लिहिलं. लगेच उत्तर आलं, "केलं रे, कधीच केलं! आता कामाला लाग, सगळं तुझ्यावाचून अडलंय."

ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते झालं होतं. "आता खरं सांगू त्यांना?" मी विचारलं.

"सांगायचंय," अबू कुतैबा म्हणाले. "जरा थांब. आत्ताच तर आलाय तो."

आम्ही तिघं बसून राहिलो. ती पोरं त्याची थट्टा करत होती, त्याला कामं सांगत होती, गप्प का म्हणून छेडत होती. चहा निवून गेला. शेवटी त्यांनी लॅपटॉप पुढं ओढला आणि एका बोटानं लिहिलं, 'मी त्याचा बाप.' पुढचं मला लिहायला लावलं. मग मोसूलहून एक ओळ आली, "काका, मी त्याला शिव्या घालत होतो हो, आणि तो कबरीत होता." त्यावर मात्र अबू कुतैबा ढसाढसा रडले. पोर गेल्यापासून पहिल्यांदाच.

त्यांचा फोन अजून घरच्या नेटला जोडलेला नाही. घरात असले की ते फोनचं सगळंच नेट तोडून ठेवतात, व्हिडिओ बघायला जिन्यात जाऊन सिमचं नेट लावतात. मी समजावलं, राउटर तुम्हाला दुसरा पत्ता देईल, काही बिघडत नाही.

"देईल गं," ते म्हणाले. "पण परत त्याचाच दिला तर?"