तात्यांचा दुसरा कौल

तात्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखणारी माणसं गावात आहेत. त्यांना सोडून तात्यांवर मी लिहावं हे बरोबर नाही. पण घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मीच एक, म्हणून हे काम माझ्याकडे आलं... चुकलंमाकलं तर क्षमा असावी.

तात्या माझे थोरले चुलते. गावात कुणाचंही कार्य असो, देवापुढे गाऱ्हाणं तेच घालायचे. ते एकेक मागणं खणखणीत आवाजात सांगत आणि जमलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणत. पंच्याहत्तरी उलटल्यावर त्यांच्या मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. रिवाजाप्रमाणे घरच्यांनी देवळात कौल लावला, तो डावा पडला. म्हणजे देवाचा नकार. तात्यांनी विषय मिटवला. इकडे जेवण उतरेना, पोट फुगू लागलं.

मी कणकवलीच्या कॉलेजातून घरी आलो आणि भीतभीतच विचारलं, “देवाला नेमकं काय विचारलंत?”

“काय म्हणजे? पोट फाडूक जावचा काय, ह्याच!” काकी म्हणाल्या.

कोल्हापूरला मी तात्यांबरोबर गेलो होतो, डॉक्टरांचं बोलणं ऐकलं होतं. अडखळत सांगितलं, की पोट फाडायचं नाही. लहान लहान भोकं पाडून दुर्बीण आत घालतात, कापलेला तुकडा काढायला तेवढी एक छोटी चीर देतात. आतलं ऑपरेशन मोठंच असतं, धोकाही असतो. पण वयस्कर माणसाला दुखणं कमी, आणि लवकर उठता येतं.

“म्हणजे माका फणसासारखो फोडूचे नाय?” तात्या हसले. “मगे देवाक चुकीचा इचारल्यात रे तुमी! परत इचारा.”

दुसरा कौल उजवा पडला.

ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी तात्या सलाईनचा स्टँड धरून चालले. त्या वर्षीच्या जत्रेत त्यांनी उभ्यानं गाऱ्हाणं घातलं. वर्षभरानं मात्र आजार यकृतात दिसला. पुन्हा कोल्हापूरसाठी फोंडाघाट चढणं, पुन्हा रिपोर्ट, पुन्हा बाकावर बसून राहणं... सगळेच थकलो. कौल मी बळेच फिरवून घेतला असं तात्यांना वाटतं का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

मग माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा सुरू झाली. घरी फोन केला की “बरे आसत” एवढंच उत्तर. शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो आणि काकींचा फोन आला.

“हे गेले रे झिला... परवा. तुझो पेपर ऱ्हवलेलो, म्हणान कळवूक नाय. त्याच दिसा सकाळी पडल्यापडल्याच गाऱ्हाणा घातल्यानी, तुझ्या परीक्षेचा. ‘व्हय म्हाराजा’ म्हणूक मी एकटीच होतंय.”