ती गोळी चालू असताना

दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. माझ्या टेबलाच्या खणात पेनांची टोपणं, रबरबँडं आणि कुणीतरी विसरलेले चष्मे साठतात ना, तसेच! आवरायला बसावं तर एकेक हातात येतो आणि आवरायचं राहूनच जातं.

मी बोईसरला स्किनच्या डॉक्टरांकडे सिस्टर आहे. मूळची साताऱ्याकडची. नवऱ्याची नोकरी पॉवर प्लांटमध्ये, म्हणून इकडे आले आणि इथलीच झाले. आमचे सर हुशार आहेत, पण भिडस्त किती म्हणाल? पेशंटला "शर्ट काढा" म्हणायच्या आधी "सॉरी हं" म्हणतात!

पूर्वी भिशीत बायका मागेच लागायच्या, "सिस्टर, दवाखान्यातलं सांगा ना काहीतरी!" मी सुरू झाले की हसता हसता चहा सांडायचा. हल्ली सांगते, पण मध्येच गप्प होते. कारण सगळे किस्से एकाच गोळीचे आहेत, आणि त्यातला एक आठवला की बाकीच्यांचंही हसू येईनासं होतं.

गोळीचं नाव आयसोट्रेटिनॉइन. जीभ अडखळते, म्हणून आम्ही नुसतं 'ती गोळी' म्हणतो. साध्यासुध्या पिंपल्सना सर ती देत नाहीत. तोंडावर बोराएवढ्या गाठी येतात, पू होतो, खड्डे पडतात, अशांनाच. गुण मात्र छान येतो. पण गोळी तापट आहे हो! ओठ फुटतात, रक्त तपासत राहावं लागतं, मन उदास व्हायला लागलं तर लगेच येऊन सांगायचं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, ती चालू असताना आणि बंद केल्यावरही महिनाभर बाईला दिवस जाता कामा नयेत. पोटातल्या बाळाच्या डोक्यात, हृदयात, कानांत व्यंग येऊ शकतं. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका.

*

मुरबे गावच्या कोळीवाड्यातला एक कॉलेजचा पोरगा होता, नितेश. महिनाभर गोळी झाली आणि एक दिवस आई त्याला हाताला धरून घेऊन आली. डोकं फुटेल एवढं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधुक दिसतंय. सर घाबरले. त्यांनी गोळी तिथल्या तिथे बंद केली, डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. मग विचारलं, "याला अजून काही औषध देताय का, मावशी?"

"औषद नाय कायच देत," मावशी म्हणाल्या. "निस्तं मुशीच्या काळजाचं तेल देते. सकाळ-संध्याकाळ चमचा चमचा."

मुशी म्हणजे शार्क. तिच्या काळजाच्या, म्हणजे लिव्हरच्या, तेलात अ जीवनसत्त्व ठासून भरलेलं असतं आणि ती गोळी पडली त्याच घराण्यातली! दोन्ही एकत्र पोटात गेली की डोक्यात दाब वाढतो. सरांनी हे सगळं शांतपणे समजावलं. मावशी ऐकेनात. "गोळी तुमची, तेल आमचं. दोन्ही मिलून पोर लवकर बरा होल, असा माझा हिसाब!"

"मावशी, ते तेल होडीला लावा हो!" सर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले असतील.

"होडीला लावतोच की आमी," मावशी म्हणाल्या, "होडीला कवा पुटकुल्या आल्या काय?"

सरांनी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत 'तेल बंद' लिहिलं. पोरगा पुढे सुटला, डोळेही वाचले. पण त्या दिवशी दाराबाहेर पडल्यावर मावशी भिंतीला टेकून रडायला लागल्या. "मीच दिलं वो माज्या हातानं," म्हणत होत्या. मी त्यांना पाणी दिलं आणि जवळ बसले. मायेने दिलेलंच बाधलं, यावर काय बोलायचं असतं ते मला आजही माहीत नाही.

*

तारापूरच्या एका कारखान्यात यूपीचा एक वेल्डर होता. त्याला सरांनी आपल्या हिंदीत सांगितलं, "गोली खाली पेट नहीं लेने का. खाने में थोडा तेल-घी होना मंगता है." ते खरंच आहे, रिकाम्या पोटी घेतली तर ती गोळी अंगी लागत नाही.

पुढच्या वेळी रक्ताचा रिपोर्ट आला आणि सरांनी कपाळाला हात लावला. रक्तातली चरबी कुठच्या कुठे चढलेली! "क्या खाते हो?"

"वडापाव, साहब. आपने तेल बोला था. गोली एक, वडापाव चार!"

आम्ही खूप हसलो. तो मात्र हसला नाही. खाली बघत म्हणाला, "साहब, गाँव में माँ बहू देख रही है. फोटो भेजना है. जल्दी ठीक होना था." सरांनी त्याला काय खायचं ते नीट समजावलं. तो गेल्यावर मला माझ्याच हसण्याची लाज वाटली.

*

एका कंपनीत रक्तदान शिबिर होतं. आमचा एक पेशंट, तिथला सुपरवायझर, हौसेने जाऊन रक्त देऊन आला आणि वर सर्टिफिकेट दाखवायला दवाखान्यात! सर खुर्चीतून उठलेच. ही गोळी चालू असताना रक्त द्यायचं नसतं. सरांनी ब्लड बँकेला फोन करून ती पिशवी बाजूला काढायला लावली.

तो भडकला. "माझं रक्त फेकलंत? निर्व्यसनी माणूस आहे मी! चहासुद्धा बिनसाखरेचा पितो!"

"अहो, तुमचं रक्त चांगलंच आहे," सर म्हणाले. "पण ते एखाद्या गरोदर बाईला चढलं असतं तर? तिच्या बाळाचं काय?"

तो एकदम खाली बसला. चेहरा पांढराफटक. हळूच म्हणाला, "माझ्या बायकोला दिवस गेलेत, सर."

सरांनी त्याला दिलासा दिला. पुरुषाने घेतली म्हणून बायकोच्या पोटातल्या बाळाला धोका धरत नाहीत, फक्त गोळी तिच्या हाती लागू देऊ नका. तरी तो कितीतरी वेळ बाकावर बसून होता. पुढे मुलगी झाली, छान गुटगुटीत. पेढे घेऊन आला तेव्हा म्हणाला, "सिस्टर, जन्मल्यावर आधी कान मोजले मी. दोन आहेत!"

*

आता पॉवर प्लांटच्या टाउनशिपमधल्या बाई.

त्या मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलगी बिचारी मान वर करत नव्हती, दोन्ही गाल गाठींनी भरलेले. सरांचा तेव्हा कडक नियम होता. कुठल्याही मुलीला गोळी सुरू करायच्या आधी दिवस गेलेत का ते बघायची लघवीची टेस्ट करायची. लग्न झालेलं असो वा नसो! त्यांनी कागदावर लिहिलं, बाईंनी मोबाईलवर शोधलं आणि झालं. वेटिंग रूममध्ये उभ्या राहून त्यांनी जो आवाज लावला!

"माझ्या मुलीला ही टेस्ट? लिहिलीच कशी तुम्ही? अहो, ती इंजिनिअरिंगला आहे!"

बाई गं! इंजिनिअरिंगच्या मुलींना गर्भाशय नसतं की काय? पण तोंडाने कोण बोलणार! सर "सॉरी हं, सॉरी हं" करत राहिले. कागद फाडला गेला. डॉक्टर मुलींच्या चारित्र्यावर संशय घेतात, असं कुणीतरी इंटरनेटवरही लिहिलं. सरांना ते फार लागलं. आठवडाभर डबा तसाच परत नेत होते.

तेव्हापासून आमच्याकडे पद्धत बदलली. आधी हळूच विचारायचं, "लग्न झालंय का?" हो म्हणाली तर टेस्ट, पाळणा लांबवायची साधनं, सगळं उघड बोलायचं. नाही म्हणाली तर सर खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "लग्न ठरलं की मला येऊन सांगायचं हं. गोळी आधी बंद करू." मुलगी मान हलवायची, आई खूश, सर सुटले. पुन्हा कुणाचा आरडाओरडा झाला नाही.

ती इंजिनिअरिंगची मुलगी मात्र गेली ती गेलीच. पुढे एकदा स्टेशनवर दिसली. ओढणी नाकापर्यंत ओढलेली होती. मी हाक मारली, तर गर्दीत शिरली. आईची अब्रू राहिली आणि पोरीचे गाल गेले!

*

वनिता आमच्याकडे आली ती एकटीच. मनोरच्या पुढच्या एका आदिवासी पाड्यावरची. तारापूरला कंपनीत पॅकिंगला होती आणि बोईसरला रूम घेऊन राहायची. अशी गोड पोर, आणि तोंडावर हात ठेवायला जागा नाही! बोलताना डावा गाल भिंतीकडे करून बोलायची. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत तिच्याजवळ कुणी बसायचं नाही. लागण होईल म्हणून!

"पानी पिवाचा गलास बी माजा येगला ठेवलाय," ती म्हणाली. रडली नाही, नुसतं सांगितलं. मीच पदर डोळ्यांना लावला.

"लग्न झालंय?" सरांनी विचारलं.

"नाय, सर. अजून नाय."

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ठरलं की मला येऊन सांगायचं हं. तोवर गोळी रोज. चुकवायची नाही. ठरलं की बंद."

वनिता नीट ऐकत होती. तिने ते मनातल्या मनात म्हणूनही बघितलं, ओठ हलत होते तिचे.

पुढे ती वेळच्या वेळी येत राहिली. तपासणीला रक्त द्यायला कुरकुर नाही, ओठांना मलम न सांगता लावलेलं, गोळी जेवणावरच. आमच्याकडे शिकली-सवरलेली माणसं चार दिवस गोळी विसरतात आणि वर मलाच दटावतात. वनिताला मी सगळ्यांपुढे उभी करायचे. "बघा, हिच्याकडून शिका जरा!" ती लाजायची. एकदा पाड्यावरून येताना शेवळांची रानभाजी घेऊन आली, कशी शिजवायची तेही मला समजावून सांगितलं.

गाल हळूहळू बसत गेले. मग एक दिवस लक्षात आलं, पोरगी सरळ समोर बघून बोलतेय. "सिस्टर," म्हणाली, "आता समद्यांचा गलास एकच." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! असे दिवस आले की वाटतं, या नोकरीचं सार्थक झालं.

आणि मग ती त्याच्याबरोबर आली. किसन त्याचं नाव, त्याच भागातला, कंपनीत लोडिंगला. दोघंही नव्या कपड्यांत. तिच्या हातात पेढ्यांचा पुडा, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत लख्ख चेहरा.

"सर, लगीन ठरलं," ती म्हणाली. "तुमी सांगितल्यालं ना, ठरलं का येऊन सांग. म्हनून पयली तुमच्याकडंच आले."

सर इतके खूश झाले की उभे राहिले. "वा वा! मग आता गोळी बंद. महिनाभर थांबायचं हं, आणि मग..."

"थांबवत नाय आता," किसन हसत म्हणाला. "तिला चौथा लागलाय, सर. मांडवात उभं ऱ्हायाला जमाया पायजे ना तिला!"

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. सर हळूहळू खाली बसले.

"वनिता," ते म्हणाले, "तू म्हणाली होतीस, लग्न झालेलं नाही."

"नायच झालं, सर!" सर असं का विचारतायत तेच तिला कळेना. "आमी रूमवर संगंच ऱ्हातो. आमच्या पाड्यावर आदी संसार, लगीन मागनं, मांडवाचं जमंल तवा. माज्या आय-बापाचं लगीन मी साळंत जात व्हते तवा झालं. मी नाचले त्यांच्या वरातीत!"

किसन मोठ्याने हसला. ती पण हसली. सरांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"गोळी," ते म्हणाले. "ती गोळी तू कधी थांबवलीस?"

"थांबवली?" वनिताला ते फारच लागलं. तिने एकदा सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळली. तो स्वच्छ, सुंदर चेहरा अगदी माझ्यासमोर होता.

"एक दिवस बी चुकवली नाय, सर. सिस्टरला इचारा!"