दिनमणीचा ह्रस्व इकार

जिच्या कृपेने मुक्यालाही वाचा फुटते, त्या शारदेच्या चरणी मस्तक ठेवून हे लिहावयास बसलो आहे. आज वसंतपंचमी. सकाळी घरी सरस्वतीचे पूजन झाले. दरवर्षी या पूजेला येऊन एक चीज म्हणणारे श्रीधरपंत मसुरेकर यंदा आले नाहीत. गेल्या मार्गशीर्षात ते निवर्तले. ज्यांनी त्यांना पाहिले नाही त्यांच्यासाठी, आणि काही अंशी माझ्या मनावरचे ओझे उतरावे म्हणून, हे स्मरण.

मसुरेकर मरोळला राहत आणि अंधेरीच्या आमच्या महाविद्यालयात पायी येत. भातखाचरांतल्या त्या वाटेवर बंद छत्रीच्या मुठीवर त्यांच्या बोटांचा ठेका चाललेला असे. फाटकाशी पोहोचेपर्यंत आवर्तन पुरे झाले नसेल, तर ते तेथेच थबकत. मागून एखादा सायकलवाला ओरडे, "ओ मास्तर, पुतळा झालात काय?" डोळे न उघडता ते म्हणत, "तीन मात्रा थांब रे बाबा. सम आली की गेलोच मी." आणि खरोखरच समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, त्यांचे उजवे पाऊल फाटकाच्या आत पडे. मी तेथे संस्कृत शिकवीत असे. खिडकीतून हे दृश्य पाहून मला हसू येई, आणि थोडा हेवाही वाटे.

मालवणजवळच्या खेड्यातून आलेल्या या गृहस्थाने बारा वर्षे एका खाँसाहेबांची सेवा करून गायन मिळवले होते आणि त्याच काळात पदवीही घेतली होती. महाविद्यालयात ते अल्प मानधनावर संगीताचा वर्ग चालवीत. तथापि त्यांचा खरा व्यवसाय, म्हणजे जिवाचा व्यवसाय, नव्या बंदिशी बांधणे हा होता. त्या काळी हे अनेकांना आगाऊपणाचे वाटे. अध्यापकांच्या खोलीत एकदा इतिहासाच्या सहकाऱ्यांनी टोमणा मारला, "चिजा घराण्यातून येतात असं ऐकलं होतं. तुम्ही कारखानाच काढलात की!"

"आणि घराण्यात कुठून आल्या?" मसुरेकर शांतपणे म्हणाले. "झाडाला लागलेल्या काय? कुणीतरी बांधल्याच ना? त्यालाही तेव्हा तुमच्यासारखा कोणीतरी भेटला असेलच."

पुढे विद्यापीठात संगीत हा पदवीचा विषय करण्याचे घाटू लागले. तीन जाणकारांची समिती आमच्या स्नेहसंमेलनास येऊन मसुरेकरांचे काम पाहणार होती. काम पसंत पडले तर त्यांची नेमणूक कायम व्हायची, आणि त्यांच्या बंदिशी अभ्यासक्रमात यायच्या. ते मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, नोकरी मिळाली तर घरची खूश होईल. पण माझी एक तरी चीज त्या पुस्तकात गेली पाहिजे. मी नसताना मुलं ती गातील. माका दुसरां काय नको." भावना अनावर झाली की त्यांची भाषा अशी गावाकडे वळे.

संमेलनाच्या प्रारंभी सूर्यस्तुती असावी म्हणून त्यांनी माझ्याकडे संस्कृत शब्द मागितले. मी लिहून दिले, "दिनमणे तमो हर". हे सूर्या, अंधार दूर कर. आठ दिवसांनी एका रविवारी सकाळी त्यांनी मला घरी बोलावले. विद्यार्थिनींना शिकवण्यापूर्वी शब्द शास्त्रशुद्ध बसले आहेत की नाहीत, हे त्यांना माझ्याकडून जाणून घ्यावयाचे होते.

"अगो, शास्त्रीबुवा इले, चाय टाक," असे आत सांगून त्यांनी तंबोरा घेतला. भैरवात त्यांनी ती चीज म्हटली. सम "दिनमणे"च्या पहिल्याच अक्षरावर होती. कोमल रिषभावर तो "दि" त्यांनी लांबवला, हलकेच आंदोलला. चीज संपली. ते माझ्या मुखाकडे पाहत राहिले.

मी विचारले, "पंत, तुमचा 'दि' किती मात्रांचा?"

"सहा मात्रांचा."

"व्याकरणात ह्रस्वाची मात्रा एकच. तुम्ही तर 'दीनमणे' केलेत. दिवसाचा मणी तो गरिबांचा मणी झाला."

ते हसले. "मग सूर्य काय रागावणार आहे? गरिबांचा नाहीतर आणखी कुणाचा तो?"

मी हसलो नाही. समितीत एक संस्कृतज्ञ असण्याचा संभव आहे, असेही सुनावले. त्यांनी क्षणभर तंबोऱ्याच्या तारांवर हात ठेवून त्या बंद केल्या. "तुम्ही म्हणता तर तसंच. शास्त्रापुढे माझां गाणां केवढां?" त्यांनी वहीतले पान फाडले. सम "णे" या दीर्घ अक्षरावर नेऊन चीज नव्याने बांधली. मला ती निर्दोष वाटली. चहा उत्तम झाला होता. मी संतोषाने घरी आलो.

संमेलनात विद्यार्थिनींनी ती सुरेल म्हटली. समितीत संस्कृतज्ञ कोणीही नव्हता. महिन्याभराने अभिप्राय आला: अध्यापक म्हणून योग्यता उत्तम, रचना निर्दोष, परंतु निष्प्राण. मसुरेकरांची नेमणूक झाली. अभ्यासक्रमात मात्र सर्व चिजा इतरांच्या आल्या. त्या त्यांनी निष्ठेने शिकवल्या. त्यानंतर त्यांनी शब्दांची एकही बंदिश बांधली नाही. बांधले ते केवळ तराणे. कारण विचारले असता म्हणत, "तोम्-तननला ह्रस्व-दीर्घ नाही, बुवा. तिथे कोणाची चूक निघत नाही." हे ते थट्टेने म्हणत. मीही ती थट्टाच समजलो.

दोन वर्षांपूर्वी कांदिवलीस एका यज्ञप्रसंगी एका वृद्ध सामवेद्यांचे गान ऐकण्याचा योग आला. ऋचेतील ह्रस्व स्वर ते निःशंक लांबवीत होते. मी नम्रतेने शंका विचारली. ते म्हणाले, "पठणात ह्रस्व तो ह्रस्व. गानात विकर्षण होते. स्वर ओढल्यावाचून साम कसे व्हावे? हे आपणास ठाऊक नाही?"

ठाऊक होते. विकर्षण हा शब्द मी तरुणपणी पाठ केला होता, त्याचे लक्षण परीक्षेत लिहिले होते. वेदाने गाण्याला जी मोकळीक दिली, ती मी मरोळच्या त्या खोलीत एका गायकाला नाकारली होती.

दुसऱ्याच दिवशी मी मरोळला गेलो आणि सर्व सांगून क्षमा मागितली. मसुरेकरांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "अहो, मग तेव्हाच का नाही आठवलं तुम्हाला?" त्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

मी म्हटले, "पंत, ती पहिली चीज म्हणा. मी लिहून घेतो. मी स्वतः विद्यापीठाकडे नेतो."

त्यांनी तंबोरा जुळवला. आरंभ केला, सम "णे"वर आली. पुन्हा आरंभ केला, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस ते थांबले. "नाय येत हो. तुमचीच चाल गळ्यात बसली. दुसऱ्या कुणाला मी ती शिकवलीच नव्हती. ऐकली ती तुम्ही एकट्यानेच. तुम्हाला आठवते का?"

मला काय आठवणार? त्या रविवारी मी स्वर ऐकलाच नव्हता. मात्रा मोजत होतो.

इतक्यात त्यांची पत्नी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. ती माऊली कधी आमच्या बोलण्यात पडत नसे. संकोचाने म्हणाली, "मी तेवां चुलीकडे होतंय. माका तां एवढांच आठवता." आणि पदर सावरून तिने तो "दी" लावला. कोमल रिषभ, हलकेच आंदोलित, पुरत्या सहा मात्रा. मसुरेकरांचे डोळे भरून आले. "फुडे? फुडे काय?" त्यांनी विचारले. तिने मान हलवली. त्या स्वरापुढची वाट आम्हा तिघांपैकी कोणालाही ठाऊक नव्हती.

वाचकहो, भगवती शारदा आपल्या घरी सदैव नांदो. आपल्या लेकीसुनांच्या, मुलानातवंडांच्या कंठी नवे गाणे उमलो, आणि ते प्रथम ऐकून घेण्याची बुद्धी घरातील वडीलधाऱ्यांना ती देवो. आपणां सर्वांचे कल्याण असो.